ज्याचा हिशेब त्याच्या हाती



आमंत्रण द्यायला मंडळी आली तेव्हा विषय त्यांनी आमच्यावरच सोपवला होता. कामगार चळवळीतला माणूस, तेव्हा बोनस, किमान वेतन, नाहीतर ऊसतोड मजुरांची उचल यांपैकी कशावर तरी बोलेल, अशी त्यांची अटकळ असावी. आम्ही चिठ्ठीवर 'अंध मुलांचे गणित' असे लिहून दिले. मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. एकाने अदबीने विचारले, "अण्णा, तुमचा आणि या विषयाचा संबंध काय?" आजचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे असे समजा.

आम्ही पंडित नाही. आमची शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते पगारपत्रके, कारखान्यांचे ताळेबंद आणि कायद्याची पुस्तके चाळून, आणि अशा मांडवांत मागच्या रांगेत बसून. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तिचे वाण गावोगाव पोचले म्हणून आमच्यासारख्याला कॉलेजची पायरी न चढता चार गोष्टी कळल्या. त्या ऋणाची थोडी फेड म्हणून, आणि एका चुकीची कबुली म्हणून आम्ही आज उभे आहोत.

चूक अशी. वीस-बावीस वर्षांपूर्वी आपल्या तालुक्याच्या पूर्वभागातले एक जोडपे कोयत्याला गेले होते. ऊसतोडीत 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे येथे सांगायला नको. त्यांचा दहा वर्षांचा मुलगा जन्मांध. घरी सांभाळायला कोणी नाही म्हणून तोही खोपीवर गेला. हंगाम संपला, मुकादमाने हिशेब मांडला. त्याच्या वहीत एकशेसात गाड्या निघाल्या. बाप मान डोलवून अंगठा उठवणार, तोच पोरगे म्हणाले, "एकशेबारा." सारे हसले. पोराने खोपीतला पत्र्याचा डबा आणून पुढे ठेवला. रोज गाडी भरून निघाली की बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकून ते डब्यात एक चिंचोका टाकत असे. चिंचोके आम्हीच मोजले. एकशेबारा भरले. मग वजनकाट्याच्या पावत्या काढायला लावल्या, तेव्हा पाच गाड्या वहीत चढायच्या राहिल्या होत्या असे दिसून आले. मुद्दाम की चुकून, तो वाद आज नको. पैसे मिळाले.

आम्ही त्या पोराची पाठ थोपटली, आठ गावांत त्याची गोष्ट सांगितली. नंतर त्याच्या बापाने विचारले की याला कुठे घालावे, आणि पोराने स्वतः म्हटले, "अण्णा, मला हिशोब शिकायचाय." त्यावर आम्ही काय म्हणालो? "अरे बाळा, तुला डोळे नाहीत, तू गणिताच्या भरीस पडू नकोस. पेटी शीक, खुर्च्या विणायला शीक. हिशेबाला आम्ही आहोत की!"

ज्याने चिंचोक्यांनी मुकादमाची वही खोटी पाडली, त्यालाच आम्ही सांगितले की गणित तुझ्यासाठी नाही. त्या वेळी आम्हाला हे दयाळूपणाचेच वाटले होते.

मुलगा पेटी शिकला, खुर्च्या विणायला शिकला. आज त्याचे छोटे दुकान आहे, संसार आहे. गेल्या वर्षी तो कर्जाचा कागद घेऊन आमच्याकडे आला. दहा हजारांचे कर्ज, बारा टक्के सपाट व्याज, बारा हप्ते. फेडायचे अकरा हजार दोनशे, म्हणजे हप्ता नऊशे तेहतीस रुपयांच्या वर काही पैसे. तो म्हणाला, "शेकड्याला बाराच हाय की अण्णा, मग एवढं जड का जातंय?" आम्ही समजावून सांगितले: मुद्दल दर महिन्याला फिटत जाते, पण व्याज शेवटपर्यंत पूर्ण दहा हजारांवरच लागते, सरासरीने तुझ्याकडे निम्म्याच्या आसपास रक्कम राहते, म्हणून खरा दर एकवीस टक्क्यांच्या पुढे जातो. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "अण्णा, तुम्ही सांगताय ते खरंच असंल. तुम्ही कधी खोटं बोलला न्हाईसा. पन मला तपासता येत न्हाई. मुकादमाचा बी हिशोब मी ऐकूनच घ्यायचा, आन् तुमचा बी."

मंडळी, तीस वर्षे आम्ही कामगारांना एकच गोष्ट सांगत आलो: मालक भला असो की बुरा, वही तपासण्याचा हक्क सोडू नका. विश्वास ठेवणे निराळे आणि विश्वास ठेवावाच लागणे निराळे. आणि त्या मुलाला दुसऱ्या अवस्थेत ढकलणाऱ्यांत आम्हीही होतो. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात दृष्टीचे अपंगत्व असलेल्यांची संख्या पन्नास लाखांवर नोंदली गेली. त्यांपैकी कितीजणांना असे कोणी ना कोणी 'आम्ही आहोत की' म्हणून सांगितले असेल, याचा विचार करा.

त्यानंतर आम्ही या विषयाच्या मागे लागलो. अंधशाळांत जाऊन बसलो, शिक्षकांना विचारले, डोळे मिटून ठिपके चाचपले. जे कळले ते सांगतो.

लुई ब्रेल हा फ्रान्समधल्या कूव्रे गावचा, घोड्यांचे जीन शिवणाऱ्या कारागिराचा मुलगा. जन्म १८०९ चा. तीन वर्षांचा असताना बापाच्या कामाच्या जागी खेळताना आरी डोळ्यात गेली. जखम चिघळली आणि दुसराही डोळा गेला. पुढे पॅरिसच्या अंधशाळेत असताना, सैन्यात अंधारात वाचण्यासाठी काढलेल्या ठिपक्यांच्या लिपीवरून त्याने सहा ठिपक्यांची लिपी बसवली आणि १८२९ साली ती छापून प्रसिद्ध केली. ज्या जातीच्या हत्याराने डोळे नेले, त्याच जातीच्या टोकदार टोचणीने आज जगभरची अंध मुले कागदावर ठिपके उठवतात. चामड्याचे काम करणाऱ्या आमच्या बंधूंना ही गोष्ट सांगितली की ते आपल्या हातातल्या आरीकडे जरा वेळ बघत राहतात.

सहा ठिपके म्हणजे तीन-तीनच्या दोन उभ्या ओळी. अंड्यांच्या ट्रेचा सहा खळग्यांचा तुकडा कापून घ्या, ब्रेलचे एक घर तयार झाले. त्यात ठिपके भरण्याचे त्रेसष्ट प्रकार होतात. अक्षरे, अंक, गणिताची चिन्हे सारी त्या त्रेसष्टांतूनच भागवायची. म्हणून अंकांसाठी निराळी घरे न ठेवता आधी एक 'अंकचिन्ह' देतात, आणि त्यापुढे इंग्रजीची पहिली दहा अक्षरे आली की ती एक ते नऊ आणि शून्य अशी वाचायची. आपल्या देशात भाषाभाषांच्या निरनिराळ्या ब्रेल लिप्यांचा घोळ होता. तो मिटवून १९५१ साली भारती ब्रेल ठरली, आणि त्याच साली डेहराडूनला मध्यवर्ती ब्रेल छापखाना निघाला. आपल्याकडे मराठीतही 'स्पर्शज्ञान' नावाचे ब्रेल पाक्षिक २००८ पासून निघू लागले. म्हणजे वाचनाची वाट कोणी ना कोणी पाडत आले आहे. गणिताची वाट मात्र अजून काट्याकुट्यांची आहे. ती का, ते पाहा.

पहिले कारण लेखणीचे. ब्रेलच्या पाटीत जाड कागद अडकवून मागच्या बाजूने टोचायचे असते. म्हणून मूल उजवीकडून डावीकडे लिहिते आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचते. लिहिताना लिहिलेले हाताला लागत नाही. आता या रीतीने तीन आकडी बेरीज मांडा! वरची ओळ चाचपायची तर कागद काढावा लागतो. हातचा लिहायचा कोठे? चूक झाली तर खोडायची कशी? टोचणीने लिहिलेल्या पत्राला हे चालते, बेरजेला चालत नाही.

म्हणून निराळी साधने निघाली. टेलर नावाच्या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात गणिताची पाटी काढली. तिला टेलर फ्रेम म्हणतात. तिच्यात अष्टकोनी भोके असतात, आणि छापखान्यातल्या खिळ्यांसारखे चौकोनी धातूचे खिळे त्यांत बसतात. खिळ्याच्या एका टोकाला काठाशी उठावाची रेघ, दुसऱ्या टोकाला दोन टोके. खिळा आठ दिशांना फिरवता येतो. दोन्ही टोके मिळून सोळा खुणा होतात. त्यांत दहा अंक बसतात आणि अधिक-उणे वगैरे चिन्हांनाही जागा उरते. खिळा उचलता येतो, बदलता येतो, एकाखाली एक लावता येतो. आमच्या देखत एका आठ वर्षांच्या मुलीने या पाटीवर तीन ओळींची बेरीज केली. हातच्याचा खिळा लावताना तिने ओठ घट्ट मिटले होते, आपण मिटतो तसेच.

दुसरे साधन मण्यांच्या चौकटीचे. तारेवर खाली चार मणी एकेकाचे, आडव्या पट्टीवर एक मणी पाचाचा. ही चौकट चीन-जपानात फार जुनी. परंतु अंध मुलाचा हात लागला की मणी घरंगळत. अमेरिकेत क्रॅन्मर नावाच्या अंध गृहस्थाने १९६० नंतरच्या सुमारास मण्यांच्या मागे मऊ कापडाचा थर बसवला, आणि मणी जेथल्या तेथे राहू लागले. एवढीशी सुधारणा, पण ज्याच्या बोटांना अडचण होती त्यालाच ती सुचली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दुसरे कारण सरावाचे, आणि आमच्या मते खरी गोम येथेच आहे. गणित हे पोहण्यासारखे आहे. ऐकून येत नाही, हातपाय मारून येते. डोळस मुलाला सराव न मागता मिळतो. भिंतीवरची दिनदर्शिका, एस.टी.वरचा क्रमांक, सांगलीच्या रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड, दुकानातल्या पाट्या, घड्याळ. दिवसभर आकडे त्याच्या डोळ्यांवर आदळत असतात. अंध मुलाच्या बोटांना दिवसभरात एकही आकडा लागत नाही. जो काही लागतो तो शाळेतल्या पुस्तकात. आणि ते पुस्तक तरी कसे? छापील एक पान ब्रेलमध्ये दोन-तीन पाने खाते, कागद जाड, गणिताचे एक पुस्तक अनेक खंडांचे होते. त्यामुळे धडा कसाबसा छापला जातो आणि धड्याखालची उदाहरणे आटोपती घेतली जातात. आकृत्या तर 'शिक्षकांनी समजावून सांगाव्यात' म्हणून गाळल्या जातात. डोळस मूल पन्नास उदाहरणे सोडवते तेथे अंध मूल पाच सोडवते, आणि मग आपण म्हणतो, यांना गणित जमत नाही.

तिसरे कारण आपल्या भाषेचे आहे. आपण 'त्रेसष्ट' म्हणतो, म्हणजे तीन आधी बोलतो आणि लिहिताना सहा आधी मांडतो. २०१९ साली दुसरीच्या पाठ्यपुस्तकात 'साठ तीन' असे म्हणण्याची रीत आली तेव्हा महाराष्ट्रभर केवढी थट्टा झाली! थट्टा करणाऱ्यांत आम्हीही होतो. पण आपल्या उमदी-संखाकडच्या घरी कानडी बोलणाऱ्या मुलाला विचारा. ते 'अरवत्तमूरू' म्हणते, म्हणजे साठ-तीनच. जसे बोलायचे तसे लिहायचे. मग शाळेत येऊन ते मराठीत उलटे ऐकते. डोळस मूल फळ्याकडे पाहून सावरते. अंध मुलाला फळा नाही. त्याच्या हाती दशकाच्या काड्यांची जुडी आणि एककाच्या सुट्या काड्या दिल्या, सहा जुड्या डावीकडे, तीन काड्या उजवीकडे, की दोन्ही भाषांचे भांडण त्याच्या तळहातावर मिटते.

येथे कोणी म्हणेल, अण्णा, हे जुने झाले. आता मोबाईल बोलतो, यंत्र बेरीज करून सांगते. मग ठिपके कशाला? प्रश्न रास्त आहे. बोलणारे यंत्र ही अंधांच्या हाती आलेली मोठी शक्ती आहे, तिची आम्ही हेटाळणी करणार नाही. पण एक उदाहरण ऐका. आम्ही म्हणतो, 'एक छेद दोन अधिक तीन.' उत्तर सांगा. कोणी म्हणेल साडेतीन, कोणी म्हणेल एक पंचमांश. दोघेही बरोबर! छेदाची रेघ कोठे संपली, हे कानाला कळले नाही. डोळ्याला दिसले असते, आणि बोटालाही लागले असते. गणिताला जागा लागते. वर-खाली, आत-बाहेर लागते. कान एका मागून एक ऐकतो; बोट मागे जाऊन पुन्हा तपासते. तपासणे हाच तर आमच्या आजच्या विषयाचा गाभा आहे.

ही अडचण एका अंध माणसानेच सोडवली. अब्राहम नेमेथ, न्यूयॉर्कचा, जन्म १९१८, जन्मांध. त्याला गणित शिकायचे होते. सल्लागार म्हणाले, आंधळ्याला गणितात पोट भरता येणार नाही, मानसशास्त्र घे. त्याने मानसशास्त्राची मोठी पदवी घेतली आणि तरीही नोकरी मिळेना. त्याच्या पत्नीने त्याला विचारले की बेकारच राहायचे तर मानसशास्त्रज्ञ म्हणून बेकार राहण्यापेक्षा गणिती म्हणून का राहू नये? धन्य ती बाई! तो गणिताकडे वळला, प्राध्यापक झाला, आणि आपल्या कामासाठी बसवलेली ब्रेल गणिताची पद्धत त्याने १९५२ साली प्रसिद्ध केली. तिच्यात अंकांचे ठिपके घराच्या वरच्या भागातून एक पायरी खाली उतरवले. अक्षर वर, अंक खाली, घोटाळा मिटला. अपूर्णांक कोठे उघडला, कोठे मिटला, याच्याही खुणा दिल्या. नेमेथ २०१३ साली वारला. त्याची पद्धत आपल्या देशातल्या शाळांतही पोचली आहे.

आणखी एक गोष्ट रशियातली. पोंत्र्यागिन चौदा वर्षांचा असताना स्टोव्हचा भडका उडून आंधळा झाला. स्टोव्हचा भडका म्हणजे काय हे आपल्या घराघरांतल्या बायाबापड्यांना ठाऊक आहे. त्याची आई शिवणकाम करणारी. तिला गणित येत नव्हते. ती मुलाला गणिताची पुस्तके मोठ्याने वाचून दाखवी. चिन्हाचे नाव माहीत नसले तर त्याचा आकार सांगे. तो मुलगा विसाव्या शतकातल्या मोठ्या गणितज्ञांत गणला गेला. एक शिलाई करणारी बाई हे करू शकली, हे ऐकल्यावर 'आम्हाला गणित येत नाही' ही सबब आपल्याला उरत नाही.

आता कायद्याचे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सहा ते अठरा वर्षांच्या दिव्यांग मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे, आणि अठरा वर्षांपर्यंत पुस्तके, शैक्षणिक साहित्य व साधने विनामूल्य पुरवण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. तेव्हा टेलर फ्रेम मागणे म्हणजे दान मागणे नव्हे. दुसरीकडे अनेक परीक्षा मंडळांनी अंध मुलांना गणिताऐवजी दुसरा विषय घेण्याची सवलत ठेवली. सवलत चांगल्या हेतूने आली, हे कबूल. परंतु ती आहे म्हणून शिकवणाराही निश्चिंत होतो आणि साहित्य छापणाराही. आंध्रातल्या श्रीकांत बोल्ला या अंध मुलाला दहावीनंतर विज्ञान शाखा मिळावी म्हणून न्यायालयात जावे लागले. पुढे तो अमेरिकेतल्या एम.आय.टी.त शिकला आणि कारखानदार झाला. कारखानदार झाला तेव्हा आमचा आणि त्याचा पक्ष निराळा! पण दार ठोठावण्याचा त्याचा हक्क आम्ही मानतो. सवलत ज्याला हवी त्याने घ्यावी. ती कोणावर लादली जाऊ नये.

मग आपण जतकरांनी काय करायचे? आम्ही ठराव मागत नाही. ठरावांची बाडे आमच्या कार्यालयात पुष्कळ आहेत.

आता उन्हाळ्याची सुटी लागेल. बाहेरगावच्या अंधशाळांत शिकणारी आपली मुले घरी येतील. त्यांची जाड पुस्तके आणि गणिताच्या पाट्या बहुतेक शाळेतच राहतात, कारण एक पाटी अनेकांत फिरते. दीड महिना बोटे रिकामी राहतात, आणि जूनमध्ये पाढे पुन्हा पहिल्यापासून. यासाठी आमची सूचना अशी की वाचनालयात एक कपाट ठेवावे. त्यात दोन-चार गणिताच्या पाट्या, मण्यांच्या चौकटी आणि सरावाची ब्रेल पाने असावीत. मुलांनी ती पुस्तकासारखी घरी न्यावीत. पाने तयार करणे अवघड नाही. जुन्या दिनदर्शिकांचा जाड कागद चालतो. ब्रेल शिकलेले आपल्या भागातले प्रौढ अंध बंधू ती टोचून देतील. त्याची मजुरी मात्र त्यांना रोख द्यायची, कारण ते काम आहे.

बाकीचे साहित्य आपले कारागीर करतील. सुताराने फळीवर चुका ठोकून द्याव्यात. त्यांना रबर ताणले की त्रिकोण, चौकोन, परीघ, सारे हाताला लागते. शिंप्याकडे कापडावर खूण पाडायचे दातेरी चाक असते. कागदाच्या मागून ते फिरवले की पुढे उठावाची रेघ येते. दोरीला वीतवीतभर अंतरावर गाठी मारा, अंकरेषा झाली. माडग्याळच्या बाजारात मेंढरे मोजतात तशी चिंचोक्यांची विसाविसांची पुरचुंडी करा, वीसचा पाढा झाला. आणि जी अंध मुले अजून शाळेतच गेली नाहीत, घराच्या मागल्या खोलीत बसून आहेत, त्यांची नावे विशेष शिक्षकांपर्यंत पोचवा. हे काम सर्वांत आधी करा.

गेल्या महिन्यात आम्ही त्या मुलाकडे गेलो होतो. मुलगा कसला, तिशी ओलांडलेला बाप्या. बरोबर मण्यांची चौकट नेली. आम्ही स्वतः अवघे पंधरा दिवस शिकलेलो, त्यामुळे शिकवताना दोनदा चुकलो. दुसऱ्या खेपेला त्याने आमचा हात धरला आणि म्हणाला, "थांबा अण्णा, तुमचा हातचा राहिला."

बंधुभगिनींनो, आमच्या आयुष्यात आमची चूक पुष्कळांनी काढली. इतका आनंद आम्हाला कधी झाला नव्हता.